हाताचे कसब आणि त्याचा भाव

हातात कसब असले म्हणजे माणसास कोठेही अन्न मिळते, असे आपल्या घरांतून मुलांस नेहमी सांगण्यात येते. बोलणे खोटे नव्हे. परंतु कसबाचा भाव कसबी माणसाच्या पाठोपाठ सगळीकडे जातो, असे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते आम्हांस मुळीच पटत नाही.

मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही, आणि पुढे कित्येक गिरण्यांची दारे कायमची मिटली. त्यांपैकी एकीत आमचे काका हिशेबनीस होते व त्यांचे एक स्नेही साळखात्यात विणकर. दोघांचीही नोकरी वीस वर्षांच्या घरातली. विणकराने आरंभी ‘बदली’ म्हणून दिवस काढले होते, म्हणजे रोज दरवाजाशी उभे राहावयाचे व कोणी गैरहजर असेल तरच काम मिळावयाचे. विणकरांस मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळे. त्यामुळे अनुभव म्हणजे रोख पैसाच. ताण्यास खळ कमी बसली आहे, हवा कोरडी पडल्याने सूत तुटणार आहे, धोटा अडखळतो आहे, हे या गृहस्थांस म्हणे मागाच्या नुसत्या आवाजावरून कळे.

गिरणी मिटल्यावर काकांना चार महिन्यांत काळबादेवीच्या एका पेढीवर जवळजवळ पूर्वीच्याच पगाराची जागा मिळाली. विणकर भिवंडीस गेले. माग तेथेही होते, हातही तेच. मजुरी मात्र निम्म्यावर आली. गिरणीच्या पगारात केवळ हाताचे मोल नव्हते. महागाईभत्ता, भविष्य निर्वाह निधी, हक्काची रजा ही सारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या झगड्यांतून व कायद्यांतून आलेली. एकट्या १९२८ सालचा संप सहा महिने चालला होता. ती मिळकत गिरणीच्या हजेरीपटास चिकटलेली होती, माणसाच्या बोटांस नव्हे. भिवंडीचे कापड स्वस्त पडे ते काही अंशी याच कारणाने. आणि ते स्वस्त कापड आमच्याही घरी येई.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातही हेच आढळले. जेकबसन, लॅलोंड व सलिव्हन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखविले की, डबघाईस आलेल्या धंद्यांतून बाहेर पडलेल्या जुन्या कामगारांची मिळकत पुढे कित्येक वर्षे सुमारे २५ टक्क्यांनी घटलेलीच राहिली. तशाच दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले, तरी नुकसान मोठेच होते.

“त्याने वेळीच दुसरे काही शिकावयास हवे होते,” असे काका एकदा जेवताना म्हणाले. आमच्या काकू सहसा मध्ये बोलत नसत. त्या दिवशी मात्र वाढता वाढता म्हणाल्या, “तुमची बेरीज कोणत्याही दुकानात चालते. त्यांचे कान एकाच ठिकाणी चालत होते.” काकांनी ताक मागितले व विषय बदलला.

विणकरांची पत्नी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळ चालवीत असे. गिरणगावात अशा खाणावळी पुष्कळ होत्या. संपाच्या पहिल्या महिन्यांत तिने पंधरा माणसांना उधारीवर जेवू घातले. नंतर ती माणसे आपापल्या गावी गेली, आणि वहीतील उधारी तशीच राहिली.