दुकानात बसतो

मोजणारी बाई आली तेव्हा मी वह्या तपासत होतो. हातात पाटीएवढे यंत्र, खांद्याला पिशवी. "घरात कोण कोण आणि कोण काय करते, तेवढे सांगा गुरुजी," ती म्हणाली. या गावात अनोळखी माणूसही मला गुरुजीच म्हणतो. त्याला माझा इलाज नाही.

धाकट्या भावाच्या मुलापाशी गाडी अडली. पोरगा बी. ए. होऊन तीन वर्षे झाली. अर्ज करतो, परीक्षा देतो, परत येतो आणि मधल्या वेळात बापाच्या किराणा दुकानात बसतो. त्या दुकानात दीड माणसाचेही काम नाही. दाराआड भावजय उभी होती. मी चटकन म्हणालो, "दुकानात बसतो."

"पगार?"

"घरच्याला कसला पगार!"

तिने यंत्रावर बोट टेकवले आणि ती पुढे गेली.

मागाहून कळले की, या पाहणीत घरचा बिनपगारी मदतनीसही कामावर धरतात. आठवड्याच्या मोजमापात तर एखाद्या दिवशी तासभर काम केले तरी पुरते. म्हणजे माझ्या दोन शब्दांनी देशातला एक बेकार कमी झाला!

माझे गणित मॅट्रिकपुरते. तरी आकडे पाहिले. २०१७-१८ साली बेकारी शेकडा ६.१ होती, २०२३-२४ साली ३.२ झाली. वाचून बरे वाटते. पण त्याच काळात, काम करणाऱ्यांत बिनपगारी मदतनीस शेकडा १३.६ होते ते १९.४ झाले. त्यांत पुष्कळशा बायका आहेत. त्यांचे शेतातले राबणे मोजले गेले, हे चांगलेच. पण आमच्या पोरासारखेही त्यांत असणारच.

आणखी एक गंमत. निरक्षरांत बेकारी नावापुरतीच. पदवीधरांत मात्र २०२२-२३ साली ती शेकडा १३.४ होती. मजुराला बेकार राहणे परवडत नाही. सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम, मिळेल त्या दामाने उचलावेच लागते. बाप जेवू घालतो तोवरच माणूस बेकार राहू शकतो. म्हणून नुसता आकडा उतरला की मला धीर येत नाही. ताप उतरल्यावर कपाळ गार लागते, तसे माणूस खचल्यावरही लागते. वैद्य नाडी पाहतो. इथे मजुरी पाहावी.

रात्री पुतण्या जेवायला बसला. "काका, तुम्ही मला नोकरी लावलीत म्हणे." हसून म्हणाला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

"अरे, आईसमोर कसे सांगायचे म्हणून..."

"आईला ठाऊक नाही होय?"

मी ताटातली भाजी चाचपीत राहिलो.

सध्या पणत्या आणि उटण्यामुळे दुकानात खरेच दोन माणसांचे काम आहे. ही पाहणीची मंडळी एकाच घरी चार वेळा येतात. बाई पुन्हा आली की दार तो उघडणार आहे, असे त्याने मला बजावून ठेवले आहे.