ठेका निवडताना

घरी गाणी रेकॉर्ड करायला ड्रम मशीन कुठलं घ्यावं, हा विचार काही डोक्यातून जात नाही. रोलंडचं टीआर-८०८ आलं १९८० साली. त्यातला प्रत्येक आवाज सर्किटमधून घडतो. त्याच वर्षीच्या लिन एलएम-१मध्ये खऱ्या ड्रमचे नमुने साठवलेले होते. मग खरा आवाज देणारं तेच सरस म्हणायचं का? संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रागांना डिस्कोचा ठेका दिला, तो ८०८वरच. तिथं खोटा आवाजच खुलतो.

माझी निकड वेगळी आहे. मशीनच्या सोळा घरांत, म्हणजे स्टेप्समध्ये, तीनताल अलगद बसतो, पण रूपक तालासाठी पॅटर्न सातव्या किंवा चौदाव्या घरावर तोडता आला पाहिजे. ठोक्यांचा जोर कमीजास्त करता यावा, थोडा झोलही देता यावा. नाहीतर ठेका कवायतीसारखा वाजतो. आणि किक, स्नेअर वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरले तरच पुढे मिक्सिंगमध्ये हात मोकळा राहतो. शेकडो तयार आवाजांचा मोह मी सोडला आहे. दहाच आवाज असोत, पण बटणं बोटांखाली हवीत. मेनूत शिरलं की चाल हातची जाते.