संशयी मनुष्याचें बंद दार

गीतेच्या चौथ्या अध्यायांत संशयात्म्याचा नाश सांगितलेला असल्यामुळें आमच्यासारख्यांविषयीं समाजाचें मत फारसें अनुकूल नसावें, हें स्वाभाविकच आहे. परंतु अलीकडे आमच्यावर जो आक्षेप येतो तो निराळा आहे. आमचे एक तरुण सहकारी म्हणतात, "सर, तुम्ही देवाकडे, सरकारकडे आणि शास्त्रज्ञांकडे पुरावा मागतां, पण तुमच्याविषयीं कोणीं कांहीं विचारलें कीं दार लावून घेतां. हा कोणता न्याय?" आक्षेप वरवरचा नाहीं, त्यास उत्तर दिलेंच पाहिजे.

प्रथम धर्म घेऊं. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीच्या मूर्ति दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली आणि देवळांपुढें दुधाचीं भांडीं घेऊन रांगा लागल्या. पृष्ठताण व केशाकर्षण यांच्या योगानें चमच्यांतील दूध मूर्तीकडे ओढलें जातें व पातळ थरानें खालीं ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं दूध रंगवून दाखविलें. रांगेंतील लोकांच्या श्रद्धेचें आम्हांस वैषम्य वाटलें नाहीं. प्रश्न विचारणाऱ्यास गप्प बसविण्याची जी घाई दिसली तिचें वाटलें. त्या घाईचें अखेरचें टोक २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यानें पाहिलें. त्या सकाळीं फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झटले, तो विधिमंडळानें संमत केला त्याच वर्षाच्या डिसेंबरांत.

आमच्या स्वतःच्या घरीं देवघर आहे. तेथील पूजा सौभाग्यवती करतात. फुलें आम्ही आणून देतों. तेथें आम्हीं आजवर कधीं पुरावा मागितलेला नाहीं. देवघरांतील देव आमच्यापाशीं कांहींच मागत नाहीं. जो देव चौकांत येऊन वर्गणी, मौन किंवा मत मागतो, त्याच्या वतीनें बोलणाऱ्यास मात्र दोन प्रश्न विचारणें आम्हांस प्राप्त आहे.

विज्ञानास आम्ही सोडतों असेंही नाहीं. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील ब्लाँदलो या नामांकित प्राध्यापकानें 'एन्-किरण' शोधून काढल्याचें जाहीर केलें, आणि अनेक विद्वानांस ते दिसूंही लागले. पुढील वर्षीं वुड हा अमेरिकन शास्त्रज्ञ तेथें गेला. त्यानें अंधारांत उपकरणांतील लोलक हळूच काढून घेतला. तरी प्रयोगकर्त्यांस किरण पूर्वीप्रमाणेंच दिसत राहिले! दूध पिणाऱ्या मूर्ति प्रयोगशाळेंतही असतात, हा त्याचा अर्थ. फरक इतकाच कीं तेथें लोलक काढून पाहणें हें पाप समजलें जात नाहीं. विज्ञानाविषयीं आम्हांस जो आदर आहे तो या एका रीतीमुळें; शास्त्रज्ञ चुकत नाहींत अशा समजुतीमुळें नव्हे.

आतां राजकारण. व्यक्तीची खासगी बाब हा मूलभूत हक्कच नाहीं, असें आपल्या केंद्र सरकारच्या वतीनें २०१५ साली सर्वोच्च न्यायालयांत सांगण्यांत आलें होतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें तो मूलभूत असल्याचा निर्णय दिला. खटला उभा केला होता पुट्टस्वामी या वयोवृद्ध निवृत्त न्यायाधीशांनीं. पुढें २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना सुरू झाली. तींत पक्षांस लाखों-कोटींच्या देणग्या देणारांचीं नांवें मतदारांपासून झांकलेलीं असत, आणि तिच्या समर्थनार्थ देणगीदारांच्या खासगीपणाचा हवाला देण्यांत आला! १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. सामान्य मनुष्याचें घर कांचेचें असावें आणि सत्तेची तिजोरी मात्र लोखंडाची, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो.

येथेंच आमच्या मित्राच्या आक्षेपाचें उत्तर आहे. पुरावा कोणाकडे मागावा? जो दुसऱ्यावर कांहीं लादूं पाहतो त्याच्याकडे. कर बसविणारें सरकार, औषध देणारा शास्त्रज्ञ, आज्ञा करणारा धर्मगुरु हे सर्व आमच्या आयुष्यांत हात घालतात. म्हणून त्यांनीं हिशेब द्यावा. आम्ही रात्रीं कोणतें पुस्तक वाचतों, कोणाशीं पत्रव्यवहार करतों, आमचा देवावर किती विश्वास उरला आहे, यांनीं कोणाच्या पानांतील मीठही कमी होत नाहीं.

"लपविण्यासारखें कांहीं नसेल तर भितां कशास?" असें विचारणारे पुष्कळ भेटतात. आमच्या महाविद्यालयांत हजेरीसाठीं यंत्रावर अंगठा टेकविण्याची प्रथा आली, तेव्हां हाच प्रश्न आम्हांस ऐकावा लागला. लपविण्यासारखें आमच्यापाशीं एकच आहे, आणि तें म्हणजे अर्धवट विचार. कोणतेंही मत प्रथम कच्चें असतें. तें घरांत कांहीं दिवस उलटून-पालटून पाहिल्यावांचून पिकत नाहीं. कोणी सतत पाहत आहे असें ठाऊक असलेला मनुष्य खोटें बोलेलच असें नाहीं. पण तो सुरक्षित तेवढेंच बोलूं लागतो, आणि कालांतरानें तेवढाच विचार करूं लागतो. मग त्याला गप्प बसविण्याचे श्रम कोणास घ्यावे लागत नाहींत. यंत्रानें माणसांची नोंद ठेवण्याच्या या काळांत आम्हांस खरी धास्ती वाटते ती हीच.

आमच्या लोकशाहीनें एके ठिकाणीं ही गोष्ट ओळखलेली आहे. मतदानकेंद्रांत नांव विचारतात, ओळख पटवितात, बोटाला शाई लावतात. आणि मग मनुष्य पुठ्ठ्याच्या आडोशामागें गेला कीं सर्वजण मुद्दाम नजर दुसरीकडे वळवितात. सत्तेचा जाब विचारणाऱ्यास क्षणभर एकटें राहूं दिलें पाहिजे, हें त्या आडोशाचें तत्त्व. तेवढा आडोसा आम्ही वर्षाचे बाकीचे दिवसही मागतों.