दोन पिवळे

आज घरातलाच एक किस्सा सांगतो.

दिवाळीआधी पुढची खोली रंगवायची ठरली. लश्करमधल्या आमच्या जुन्या घरात दरवर्षी चुन्यात रामरज कालवून पुताई व्हायची. रामरज म्हणजे महाराष्ट्रात जिला पिवडी म्हणतात, ती पिवळी माती. घमेल्यात किती मुठी घालायच्या, तो अंदाज आईचा. मला तोच फिका पिवळा हवा होता.

बाड्यावरून शेड कार्ड आणलं. त्यातल्या दोन शेड निवडल्या आणि पेंटरने भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारून दिले. मला दोन्ही अगदी सारखे दिसले. सौ. म्हणाली, "अहो, डावा हिरवट आहे. उजव्यात केशरी झाक आहे, आईंच्या भिंतीसारखी."

मी म्हटलं, "जन्मभर बँकेत चेकवरच्या सह्या स्पेसिमेनशी ताडून पाहिल्या. मला फरक दिसत नाही, म्हणजे तो नाहीच!"

ती गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी पेंटरच म्हणाला, "साहब, दोनों में बहुत फरक है." तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "भिंत राहू दे. आधी डोळे दाखवून या."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. मग पांढरा आणि फिका पिवळा यांतला भेद कळेनासा होतो. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही.

खोलीने दिवाळी तशीच काढली. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर भिंतीसमोर उभा राहिलो. डावा डोळा झाकला, तर दोन पट्टे स्पष्ट वेगळे. उजवा झाकला, तर पुन्हा एकच रंग!

मग दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टांकडे लक्ष गेलं. पांढरेशुभ्र, किंचित निळसरच. गेली दोन वर्षं मी हिला ऐकवत होतो, "शर्ट पिवळे पडतात, नीट धूत नाहीस." एकदा तर पाहुण्यांसमोर बोललो होतो. तेव्हाही ती गप्पच बसली होती.

रंग अर्थातच हिच्या पसंतीचा लागला. शर्टांबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाली, "दुसराही डोळा होऊ द्या, मग बोलू."

साठी ओलांडलेल्यांनो, घरच्यांशी वाद घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या.