हिशेबालाही रंग हवा

महिन्याची वीस तारीख उलटली, की बहुतेक घरांत एक वाक्य ऐकू येतं : "पैसे जातात तरी कुठे?" आणि मैत्रिणींनो, उत्तर द्यायचं असतं आपण! जणू सगळे पैसे आपण डाळीच्या डब्यात लपवून ठेवतो.

आमच्याकडे गेल्या जूनमध्ये हा प्रश्न जरा गंभीरच झाला. घराचा हप्ता वाढला, सासूबाईंची औषधं वाढली, आणि काटकसरीची कुऱ्हाड धाकटीच्या चित्रकलेच्या क्लासवर पडणार असं दिसू लागलं. "हौसेचे खर्च आधी बंद करू या," असं ह्यांचं म्हणणं. पण हौसेवर नेमके किती जातात, हे कुणीच मोजलं नव्हतं.

मी अर्धवेळ शिक्षिका. निकालपत्रकांमुळे एक्सेल हाताखालचं झालेलं. डायरीतले तीन महिन्यांचे आकडे त्यात भरले आणि स्तंभालेख काढला. पंधरा खर्चांचे पंधरा स्तंभ, सगळे निळे! प्रत्येक स्तंभाला वेगळा रंग देण्याचीही सोय असते. पण त्याने नुसती रांगोळी होते. रंगावरून खर्चाचा वर्ग कळायला हवा. १७८६ साली विल्यम प्लेफेअरने स्कॉटलंडच्या १७ देशांशी चाललेल्या व्यापाराचा स्तंभालेख छापला, तेव्हाही त्याने निर्यातीचे दांडे काळे आणि आयातीचे रेघारेघांचे काढले होते.

एकेका स्तंभावर टिचकी मारून हाताने रंग भरता येतो. पण वर्ग बदलला की पुन्हा रंगकाम! त्यापेक्षा ही रीत करून बघा. पहिल्या रकान्यात खर्चाचं नाव, दुसऱ्यात वर्ग, तिसऱ्यात रक्कम. पुढच्या तीन रकान्यांना 'गरज', 'देणी' आणि 'हौस' असे मथळे द्या. त्यांत 'इफ'चं सूत्र घाला : दुसऱ्या रकान्यातला वर्ग आणि वरचा मथळा एकच असेल तर रक्कम घे, नाहीतर शून्य. हे सूत्र खाली नि उजवीकडे ओढायचं असतं. म्हणून वर्ग आणि रक्कम यांच्या रकान्याच्या अक्षराआधी, तसंच मथळ्याच्या ओळीच्या आकड्याआधी डॉलरचं चिन्ह द्या.

आता कंट्रोलचं बटण दाबून धरून नावांचा रकाना आणि हे तीन रकाने निवडा, आणि 'स्टॅक्ड कॉलम' हा प्रकार घ्या. साध्या प्रकारात शून्यांसाठीही जागा सुटते आणि स्तंभ काडीसारखे बारीक होतात. मग प्रत्येक वर्गाला एकदाच रंग द्या. पुढे 'हौस' पुसून 'गरज' लिहिलंत, की स्तंभ आपोआप रंग बदलतो.

रंग निवडताना लाल-हिरव्याची जोडी टाळा बरं का! हे दोन रंग वेगळे न ओळखू येण्याचा जन्मजात दोष पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. आमचे थोरले दीर त्यांतलेच. निळा, नारिंगी आणि करडा त्यांना सहज कळले.

पण खरी परीक्षा झाली ती दुसरा रकाना भरताना. ह्यांनी बाहेरच्या चहा-नाश्त्यापुढे 'गरज' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझी औषधं कशात गं?" त्यांच्यासमोरच 'गरज' लिहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा निवळला. क्लासपुढे धाकटीनेच 'हौस' सांगितलं. पोर खरं बोलली!

स्तंभ रंगले, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच रंगावर खिळल्या. हौसेचे सगळे स्तंभ एकावर एक ठेवले, तरी घराच्या हप्त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीला हप्त्यावर गाडी घ्यायची, ते राहू दे या वर्षी." क्लासचं नाव पुन्हा निघालं नाही.

भांडून मला हे जमलं असतं असं वाटत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याची डायरी काढा. मात्र वर्ग एकटीने ठरवू नका. घरातल्या सगळ्यांना शेजारी बसवा. सासूबाईंना आणि मुलांनासुद्धा!