एक छिद्र की दोन?

१९०४ पासून तोफांचे गाडे बांधणाऱ्या जबलपुरात राहूनही ज्याचा शस्त्रांशी संबंध केवळ बिलांपुरता आला, अशा कारकुनास कोणी बंदुकीविषयी सल्ला विचारावा, हा विनोदच म्हणावयाचा. परंतु अमेरिकेतील आमच्या आतेभावाने परवा तो विचारला खरा. त्याने एक जुनी .३०३ रायफल घेतली आहे. तिच्यावर ईशापूरच्या कारखान्याचा शिक्का आहे. (आपल्याकडे ती सामान्य नागरिकास वर्ज्य. परवानेवाल्यांच्या हाती .३१५ असते. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी मात्र २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभाने निरोप दिला.) काडतुसे स्वस्त मिळावीत आणि रिकामी झाल्यावर पुन्हा भरता यावीत, अशी त्याची इच्छा. 'के. एफ.' अक्षरांची जुनी काडतुसे त्यास फार स्वस्तात मिळत होती.

आम्हांस यातले काही ठाऊक नव्हते. बाबांस होते. 'के. एफ.' म्हणजे आपली खडकी. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी तेथेच काढली आणि मग ते बदलीने खमरियास आले.

“त्याला म्हणावे, रिकाम्या काडतुसात बॅटरीचा उजेड पाड,” बाबा म्हणाले. “तळाशी एक छिद्र आहे की दोन?”

एक असेल तर ती बॉक्सर पद्धत. मधून सुई घातली की उडालेली टोपी बाहेर पडते, नवी बसविता येते. दोन असतील तर बर्डन. तेथे टोपीची ऐरण पितळातच घडविलेली असते, त्यामुळे जुनी टोपी काढणे महाकठीण. खडकीची ही जुनी काडतुसे दोन छिद्रांची. गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. दोघांच्याही युक्त्या १८६६ च्या. पण अमेरिकेने इंग्रजाची उचलली आणि युरोपने अमेरिकनाची!

शिवाय जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असते. बार झाल्यावर नळीत मिठासारखा क्षार राहतो. तो दमटपणा ओढतो आणि गंज चढतो. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, मग तेल द्यावे. घोडा ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. वय झालेले काडतूस कधी उशिरा पेटते.

“त्यापेक्षा एका छिद्राची नवी पितळी घ्यावीत. महाग पडतील, पण पुन्हा पुन्हा भरता येतील. आणि दर वेळी सबंध केस दाबू नये. त्याच रायफलीत वापरायची तर फक्त मान दाबावी. नाहीतर पेंदीजवळ तडा जातो.”

म्हणजे एक भांडवली खर्च आणि दुसरा आवर्ती! येथे मात्र आमच्या कारकुनी बुद्धीस प्रकाश दिसला. परंतु खडकीचा माल घेऊ नको, हे बाबांच्या देखत लिहिताना आमचे बोट अडखळले.

“लिही, लिही,” ते म्हणाले. “भरण्यासाठी तो नव्हताच. एकदाच उडण्यासाठी होता.” मग थोड्या वेळाने, “साल कोणते आहे, विचार.”

आतेभावाने पेंदीचे छायाचित्र पाठविले. बाबांनी चष्मा बदलला, आकडे दोनदा वाचले. ते त्यांच्या खडकीतल्या दुसऱ्या वर्षाचे होते.

“एक पेटी घेऊन ठेव म्हणावे. उडवू नको.”

आम्ही तसे कळविले. “उडवायची नाहीत आणि तिकडे पाठविताही येणार नाहीत, मग मामांना ती कशाला हवीत?” असा त्याचा उलट प्रश्न आला आहे. आज चौथा दिवस. उत्तर अजून लिहून झालेले नाही.