खांदा टेकला की नाही?

वीकएण्डला रूममेटच्या गावी गेले आणि दोन दिवस एकाच प्रश्नावरची भांडणं ऐकून आले. बीड जिल्ह्यातल्या उमापूरमध्ये कुस्ती संपते ती पंचांच्या शिटीने नाही. तिथे तर ती सुरू होते!

"ताई, तुमी कुन्या बाजूच्या?"

उमापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात चहाचा पहिला घोट घेतला आणि प्रश्न आला. (हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. सीसीडी डोळ्यांपुढे आणू नका!) मला वाटलं, राजकारण काढलं. बीड जिल्हा, त्यात सगळी अनोळखी माणसं. मी आपलं सावधपणे म्हटलं, "मी पत्रकार आहे हो, कुठल्याच बाजूची नाही."

अख्खं हॉटेल हसलं.

"आवो, तसं न्हाई. शिवराज का मोहोळ?"

मी 2025 च्या एप्रिलमध्ये तिथे गेले होते. महाराष्ट्र केसरीची ती गाजलेली कुस्ती होऊन दोन महिने उलटले होते. पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये तो विषय दोन दिवसांत संपला होता. दोन मीम्स, चार स्मायली, नेक्स्ट. उमापुरात मात्र ती कुस्ती अजून चालूच होती.

त्या रविवारी काय झालं?

ज्यांनी तेव्हा फक्त मीम्स पाहिली, त्यांच्यासाठी थोडक्यात. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात आणि जो जिंकेल तो मानाची गदा खांद्यावर घेतो. गादी विभागाच्या फायनलला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले. पंचांनी शिवराजला चितपट ठरवलं. माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराजचं म्हणणं. वाद पेटला आणि त्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. मग किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडचंही पंचांशी वाजलं आणि तो कुस्ती अर्धवट टाकून मैदानाबाहेर गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड, दोघांवरही 3 वर्षांची बंदी आली.

आता नियम. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले पाहिजेत. ते बघायला तिघं असतात. मधला रेफ्री, बाजूचा जज आणि टेबलामागचा मॅट चेअरमन. सहा डोळे आणि वर कॅमेरे. तरीही भांडण झालंच.

हॉटेलातल्या एका पोराने मोबाइल काढला. "ह्ये बगा ताई. इथं थांबवतो. दिसली का फट?" मला फट दिसली. शेजारच्याने लगेच स्वतःचा मोबाइल पुढे केला. त्याची क्लिप दुसऱ्या बाजूने घेतलेली. "आता ह्ये बगा. कुठंय फट?" खरंच नव्हती. दोघांनीही आपापल्या सोयीच्या जागी व्हिडिओ थांबवून ठेवला होता आणि दोघंही शंभर टक्के खरं बोलत होते.

कोपीतला लाइव्ह शो

उमापूर गेवराई तालुक्यात. नगर जिल्ह्याची हद्द जवळ, त्यामुळे नगरची कुस्ती ही त्यांना शेजारच्या वाड्यातल्या भांडणासारखी. (नाव अहिल्यानगर झालंय, पण हॉटेलात सगळे नगरच म्हणतात.) रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस निघून गेलेली काळी रानं, मध्येच कुठेतरी उसाचा हिरवा पट्टा, आणि दुपारी बाराला रस्त्यावर माणूस नाही.

पण एप्रिलमध्ये इकडची गावं भरलेली असतात. बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे 2 फेब्रुवारीला यातले कितीतरी जण गावात नव्हतेच. एक जण सांगत होता, "आमी कोपीवर व्हतो. सांजच्याला समदे एका मोबाइलभवती. ऐन टायमाला रेंज गेली. आली तवा शिवराज पंचाच्या अंगावर धावून गेलेला!"

म्हणजे त्या माणसाने नेमका तो क्षण बघितलाच नव्हता. तरी मत? ठाम!

हसू नका. इथे कुस्ती हा टाइमपास नाही. याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेऊन आला, 2019 च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. पुढे पोलिसात डीवायएसपी झाला. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला विजय चौधरीही डीवायएसपी झाला. तुमच्या-माझ्या घरी कॅम्पस प्लेसमेंटचं जे स्वप्न, तेच इथे तालमीचं. दूध, तूप, बदाम, तालमीची फी. ज्या घरात वर्षाचं बजेट उचलीवर चालतं, तिथे एका पोराचा खुराक म्हणजे अख्ख्या घराने लावलेली बोली. अशा वेळी एक खांदा टेकला की नाही, हा निव्वळ खेळाचा प्रश्न कसा राहील?

चहाची दुसरी फेरी आली तशी चर्चा मागे सरकली, जानेवारी 2023 वर. पुण्यातली महाराष्ट्र केसरी, माती विभागाची फायनल. सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रच्या 'बाहेरच्या टांगे'ला पंचांनी 4 गुण दिले. ते तितके द्यायचे होते का, यावर तेव्हा महाराष्ट्रभर रान पेटलं होतं. सिकंदर हरला. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळच्या फुलगावला शिवराजला पाडून तो महाराष्ट्र केसरी झाला.

आता गंमत बघा. 2023 ला ज्याच्या बाजूने वादग्रस्त गुण गेले, तोच महेंद्र 2025 ला पंचांवर चिडून बाहेर पडला. हे लक्षात आणून दिलं ते कोपऱ्यातल्या एका मास्तरांनी. "त्या वक्ताला तुमी मनलाव, पंच म्हंजी देव. आता मनता, पंच चोर. पंच त्योच हाय का न्हाई, ते जाऊ द्या. तुमी त्येच हाव का?"

हॉटेल मिनिटभर गप्प. मग पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. त्यात आणखी एक फाटा निघाला. संघटनाच दोन! मार्चच्या शेवटी दुसऱ्या संघटनेने नगर जिल्ह्यातल्याच कर्जतला महाराष्ट्र केसरी भरवली आणि तिथे वेताळ शेळके जिंकला. दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी. "मंग आता खरा कोन?" यावर तिसरा चहा.

माझी पण एक फाइल ओपन आहे

इथे एक कबुली देते. मी एवढ्या चवीने ऐकत होते त्याला कारण होतं.

कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. इंटर-कॉलेज सेमीफायनल, शेवटच्या वर्षाची. आम्ही एका गुणाने मागे. बॉल माझ्या हातात, मी फेकला, बझर वाजला, बास्केट झाली. रेफ्रींनी हात हलवले. नो बास्केट. बझरच्या आधी बॉल हातातून सुटलेला असला तर गुण मिळतो, एवढा साधा नियम. सुटला होता की नाही? मैत्रिणीने गॅलरीतून घेतलेला व्हिडिओ इतका हलतो की त्यात माझा हातच दिसत नाही. या गोष्टीला सात वर्षं झाली. तो व्हिडिओ मी तीन फोन बदलूनही जपून ठेवलाय. बाकी कुणाला ती मॅच आठवतही नसेल.

अशा आठवणी माझ्यासारख्या फुटकळ खेळाडूंच्याच असतात असंही नाही. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकची बास्केटबॉल फायनल. शेवटचे 3 सेकंद तीनदा खेळवले गेले आणि 50-49 ने पुढे असलेली अमेरिका सोव्हिएत युनियनकडून 51-50 ने हरली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत. आजपर्यंत नाहीत! पन्नास वर्षं उलटून गेली, तरी त्यांच्यासाठी ते तीन सेकंद संपलेले नाहीत.

हे मी हॉटेलात सांगितलं. मास्तर खूश झाले. पण माझ्या रूममेटच्या मामांनी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. "अमेरिकेचं ऱ्हाऊ द्या. आमच्या तात्यांना इचारा."

तात्यांचा निकाल

तात्या म्हणजे धोतर, पांढरी टोपी, मोडलेले कान. जुन्या पैलवानाची ओळख कानांवरून पटते. तरुणपणी कुस्त्या केल्या, नंतर आसपासच्या यात्रांमध्ये हगाम्याला पंच म्हणून उभे राहिले. हगामा म्हणजे यात्रेतल्या जंगी कुस्त्या. हलगी कडाडते, नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जातं. तिथे गुणबिण नसतात, बहुतेक निकाल चितपटीवर. नाहीतर बरोबरी आणि इनाम वाटून.

"पंचवीसेक वर्सं झाली," तात्या म्हणाले. "शेवटची कुस्ती. पोरगं खाली गेलं. माज्या बाजूनी खांदे टेकलेले दिसले. म्या हात वर केला. त्या बाजूला माझा मेव्हना बसलेला. राती जेवताना मनला, दाजी, एक खांदा वर व्हता."

"मग?"

"मंग काय. भाकर गिळंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या त्या पोराच्या घरी गेले. म्हणाले, माझं चुकलं असेल. पोराचा बाप म्हणाला, निकाल दिलेला परत घ्यायचा नसतो, बसा, चहा घ्या. इनाम मिळालं असतं तर पोरगं पुण्याच्या तालमीत जाणार होतं. ते गेलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर ते ऊस तोडायला गेलं.

मी विचारलं, "ते आता कुठे असतात?"

तात्यांनी समोर बघितलं. समोरच्या बाकड्यावर पंचेचाळिशीचा एक धिप्पाड माणूस बशीतून चहा पीत होता. सकाळपासून 'पंचाला लाथ मारायचीच नाही' असं सगळ्यात मोठ्या आवाजात सांगणारा तोच! आता तो टोळीचा मुकादम आहे.

"माजा खांदा टेकला नव्हता," तो शांतपणे म्हणाला. "तवाबी मनलो, आजबी मनतो. राग लई आला व्हता. हात उचलावा असंबी वाटलं. पर सकाळी ह्येच दारात उभे. आता दारात आलेल्या मानसाला काय करता?" थोडं थांबून म्हणाला, "शिवराजनं लाथ मारली, त्ये चूकच. बंदी घातली, घाला. पर ताई, त्याच्या दारात कुनी गेलं का?"

याचं उत्तर हॉटेलात कुणाकडेच नव्हतं. पत्रकार असून माझ्याकडेही नव्हतं.

मी पुण्याहून निघाले तेव्हा माझी थिअरी तयार होती. कॅमेरे वाढवा, रिप्ले दाखवा, प्रश्न मिटेल. आमच्या ऑफिसवाल्या पिढीचा सगळ्यावर हाच फंडा. टेक्नॉलॉजी आणा! ती हवीच, यात वाद नाही. पण हॉटेलात दोन मोबाइलवर दोन खरे व्हिडिओ मी डोळ्यांनी पाहिले. गावातल्या पंचाकडे कॅमेरा नव्हता, त्याची नजर एकाच बाजूची होती आणि तो चुकलाही. फक्त त्याला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरून जायचं होतं, त्याच हॉटेलात चहा प्यायचा होता. त्यामुळे मुकादमाचा निकाल बदलला नाही, गेलेली वर्षंही परत आली नाहीत. पण तो आणि तात्या आज एकाच किटलीतला चहा पितात.

यात गावाचं गोडवं गायचा इरादा नाही. तात्यांचं 'चुकलं असेल' त्या पोराला पुण्याला नेऊ शकलं नाही, हेही तितकंच खरं. मुकादमाच्या हातांवरचे घट्टे तालमीतले नाहीत, कोयत्याचे आहेत.

संध्याकाळी निघताना तो एसटीपर्यंत सोडायला आला. माझी बॅग वर ठेवली आणि खिडकीशी उभा राहून विचारलं, "ताई, तुमचा त्यो बॉल. शिटीच्या आदी सुटला व्हता का मागून?"

"आधी," मी म्हटलं.

"मंग सुटला व्हता," तो म्हणाला. व्हिडिओ न बघता.

कसं जाल?
पुण्याहून अहिल्यानगर, शेवगावमार्गे गेवराईच्या रस्त्याला उमापूर लागतं. छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्यांनी धुळे-सोलापूर महामार्गाने गेवराई गाठावं आणि तिथून उमापूरकडे वळावं.

कधी जाल?
हगामे बघायचे तर चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या दिवसांत. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी मस्ट!

जवळपास काय?
गेवराई तालुक्यातलंच गोदाकाठचं राक्षसभुवन. शनी मंदिर आहे आणि 1763 साली माधवराव पेशव्यांनी निजामाला इथेच हरवलं होतं. त्या निकालावर मात्र अजून कुणी वाद घातलेला नाही!